बिनतारीची तार

लिनक्सवर वायफाय चालू करायला लागणारी पहिली वस्तू म्हणजे वायर.

हे वाचून ज्यांना हसू आलं, त्यांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कधी टाकलेलं नाही. ज्यांना हसू आलं नाही, ते आत्ता उठून खणातली निळी लॅन केबल जागेवर आहे ना ते बघून येतील. असणारच. लिनक्सवाल्याच्या घरातून रद्दी जाते, जुने मोबाइल जातात, बोहारणीला साड्या जातात. लॅन केबल जात नाही.

कारण असं. बरीचशी वायफाय कार्डं मुळात कोरी असतात. लॅपटॉप सुरू झाला की एक छोटा प्रोग्रॅम हार्डडिस्कवरून उचलून कार्डात भरावा लागतो, मग कार्ड कामाला लागतं. ह्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा असतो आणि त्याचा सोर्स कोड कंपनी सहसा कुणाला दाखवत नाही. इकडे डेबियन नावाच्या लिनक्सच्या मंडळींचं तत्त्व असं, की ज्याचा सोर्स दिसत नाही ते आमच्या अधिकृत सीडीत बसणार नाही. २०११ साली सहावी आवृत्ती काढताना त्यांनी असलं सगळं फर्मवेअर कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, वेचून काढलं आणि वेगळं ठेवलं. कुठे ठेवलं? इंटरनेटवर. म्हणजे वायफायला फर्मवेअर हवं, फर्मवेअरला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय. तत्त्वासाठी माणसाने हाल सोसावेत हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं आहे. इथे तत्त्व एकाचं आणि हाल दुसऱ्याचे, एवढाच फरक. शेवटी २०२२ साली डेबियनच्या लोकांनी आपसांत रीतसर मतदान घेतलं, आणि २०२३च्या जूनमध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर इन्स्टॉलरच्या सोबतच मिळू लागलं.

माझ्या घरी लिनक्स आलं ते ह्या मतदानाच्या आधी. आणलं भाच्याने. त्याचा जुना लॅपटॉप विंडोजच्या ओझ्याखाली बसला होता, तो त्याने पुसूनपासून, लिनक्स टाकून मला दिला. वर एक अट घातली.

"मामा, वायफाय कॉन्फिग फाइलमधूनच लाव. आयकॉनवर क्लिक करून काय शिकणार तू?"

मला काही शिकायचं नव्हतं. मला सकाळी पेपर वाचायचा होता. पण भाचा हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे घरात त्याच्या शब्दाला वजन. माझी बहीण त्याला विचारल्याशिवाय फ्रीजचं बटणसुद्धा फिरवत नाही.

विंडोजमध्ये नेट गेलं की एक खिडकी उघडते, थोडा वेळ विचार केल्याचं सोंग करते आणि अडचण ओळखता आली नाही असं नम्रपणे सांगून मिटते. लिनक्स असं कधी करत नाही. त्याला अडचण नेमकी माहीत असते. ती ते लगेच लिहून ठेवतं, मशीन सुरू झाल्यापासून कितव्या सेकंदाला ते सहा दशांश स्थळांपर्यंत नोंदवतं, आणि मागितली की सगळी वही आपल्यासमोर उलटी करतं. ह्या वहीला डीमेसेज म्हणतात. तिच्यात माझ्या कार्डाबद्दल एक ओळ होती: अमुक नावाचं फर्मवेअर चढवता आलं नाही, आणि पुढे कंसात उणे दोन. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. उणे एक असतं तर परवानगी नाही असा अर्थ झाला असता. 'सापडली नाही' असं लिहायला कर्नलला काही जड नव्हतं, पण कर्नल लिहिणारे लोक आकड्यांत विचार करतात आणि समोरचाही तसाच करतो असं धरून चालतात. एक मात्र कबूल केलं पाहिजे: जे लिहिलं होतं त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

फर्मवेअर आलं (वायरीवरून), कार्ड जागं झालं, आता त्याचं नाव हवं. कॉन्फिग फाइलमध्ये कार्डाला नावाने हाक मारावी लागते. पूर्वी हे सोपं होतं. पहिलं वायफाय कार्ड डब्ल्यूलॅन-शून्य, दुसरं डब्ल्यूलॅन-एक. पण दोन कार्डं असली की आधी जागं होईल ते शून्य, आणि उद्या कोण आधी जागं होईल ह्याची खात्री नाही. म्हणून २०१३ साली सिस्टिमडी नावाच्या प्रोग्रॅमने नवी पद्धत आणली: कार्ड कुठे बसवलंय त्यावरून त्याचं नाव. माझ्या कार्डाचं नाव डब्ल्यू-एल-पी-तीन-एस-शून्य, कारण ते तिसऱ्या बसवर शून्याव्या स्लॉटमध्ये बसलं आहे. हे निदान तोंडात बसतं. यूएसबी डोंगल लावलं तर नाव डब्ल्यू-एल-एक्स, आणि त्याला चिकटून कार्डाचा बारा आकडी-अक्षरी हार्डवेअर क्रमांक. एकदा तसलं एक डोंगल लावून मी ते नाव भाच्याला फोनवर वाचून दाखवत होतो.

"मामा, बी की डी?"

"बी. बटाट्यातला."

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर डी. डब्यातला." 

बाजूला भाजी चिरत असलेल्या सौभाग्यवतींनी फोनवर नेमकं काय चाललंय अशा नजरेने पाहिलं.

आता फाइली. ह्या सगळ्या ईटीसी नावाच्या फोल्डरमध्ये असतात. संपूर्ण यंत्राचं दैव ज्या फोल्डरात आहे त्याला कुणीतरी अर्धशतकापूर्वी 'इत्यादी' म्हणून बाजूला टाकलं आणि ते नाव तसंच राहिलं. डेबियनमध्ये तिथे एक इंटरफेसेस नावाची फाइल असते. तिच्यात कार्डाचं नाव लिहायचं, खाली वायफायचं नाव, खाली पासवर्ड. नाव आणि किंमत ह्यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडायची. बरोबरचं चिन्ह चालत नाही. वायफायच्या नावाला अवतरणचिन्हं द्यायची नाहीत. हे पाठ झालं की दुसऱ्या फाइलकडे जायचं. ती डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाच्या प्रोग्रॅमची. तिच्यात बरोबरचं चिन्ह लागतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. वायफायच्या नावाला अवतरणचिन्हं लागतात. पासवर्डला लागतात, पण पासवर्डाऐवजी त्याच्यावरून काढलेली चौसष्ट अक्षरांची किल्ली लिहिली तर लागत नाहीत. सगळं महिरपी कंसात. २०१७पासून उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सने तिसरा प्रकार आणला, नेटप्लॅन. त्यात अपूर्णविराम, आणि प्रत्येक ओळ डावीकडून किती सरकवली ह्यावर अर्थ ठरतो; सरकवायला टॅब वापरला तर फाइल वाचायलाच नकार. तिन्ही फाइलींत माहिती तीच: नाव काय, पासवर्ड काय. शुद्धलेखनाचे नियम तीन.

भाच्याने नमुना म्हणून त्याची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली. मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली आणि मशीनने 'कॉन्फिगरेशन वाचता आलं नाही' असं सांगितलं. अर्धी संध्याकाळ आम्ही दोघं ती फाइल अक्षर-अक्षर जुळवत बसलो. भाच्याच्या फोनने प्रेमाने सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हं करून टाकली होती. छापील पुस्तकात शोभतात तशी, एक उघडणारं, एक मिटणारं. छपाईची एवढी चाड असलेला फोन आणि तिची अजिबात चाड नसलेला प्रोग्रॅम ह्यांच्या मधोमध आमचं वायफाय अडकलं होतं.

पासवर्ड उघडा लिहायचा नसेल तर एक सोय आहे. डब्ल्यूपीए पासफ्रेज नावाची आज्ञा. तिला वायफायचं नाव आणि पासवर्ड द्यायचा. पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचाच हवा. भक्तिभावाने छोटासा ठेवला असेल तर ती हात जोडून परत पाठवते. मग ती पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र घेऊन ४०९६ वेळा घुसळते आणि चौसष्ट अक्षरांची एक किल्ली काढून देते. त्या किल्लीवरून मूळ पासवर्ड कुणाला सहजासहजी काढता येऊ नये म्हणून एवढी घुसळण. किल्ली हातात येते. आणि तिच्या बरोब्बर वरच्या ओळीत, हॅशचं चिन्ह लावून, आपल्या माहितीसाठी, मूळ पासवर्ड सरळ अक्षरांत लिहिलेला असतो. हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे आणि आजही तसंच आहे. ती ओळ पुसायची की ठेवायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. बहुतेक लोक ठेवतात, नाहीतर पाहुण्यांना काय सांगणार.

वायफायचं नावही किल्लीत घुसळलेलं असल्यामुळे नाव बदललं की किल्ली फुकट. आमच्या मेहुण्यांनी कंपनीने दिलेलं रूक्ष नाव बदलून, राउटरला देवनागरीत 'साईकृपा' असं नाव दिलं. फोनवर ते सुरेख दिसलं. पण वायफायच्या नावाला बत्तीस बाइट्सचीच मर्यादा आहे, आणि इंग्रजी अक्षराला जिथे एक बाइट लागतो तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना-मात्रा-वेलांटीला वेगळे तीन. साईकृपा एकवीस बाइट्समध्ये बसलं. त्यांना खरं म्हणजे 'श्री स्वामी समर्थ' ठेवायचं होतं, ते बसेना. मोकळ्या जागा काढूनही पंचेचाळीस होतात. स्वामी बसत नाहीत म्हणून साई, एवढं धार्मिक परिवर्तन बत्तीस बाइट्सनी केलं. आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये जवळपासच्या वायफायची यादी मागितली की साईकृपाच्या जागी ई-शून्य, ए-चार, बी-आठ, ई-शून्य, ए-चार, बी-ई अशी लांबलचक ओळ दिसते. त्याच यादीत वरच्या मजल्यावरच्या नातवाने ठेवलेलं इंग्रजी नाव लख्ख वाचता येतं.

फाइली बिनचूक झाल्या म्हणजे वायफाय लागतं असं समजू नये. इथून पुढे खरा प्रवास. कार्डापासून पेपरापर्यंत निदान पाच-सहा टेबलं आहेत, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस तहसील कचेरीतल्यासारखा प्रामाणिक आहे: त्याचं काम झालेलं असतं आणि फाइल त्याच्याकडून पुढे गेलेली असते. कर्नल म्हणतं, कार्ड मिळालं, नोंद केली. कार्ड म्हणतं, मी चालू आहे, पण लॅपटॉपच्या कडेला जे बारीक सरकतं बटण आहे ते बंद आहे. ह्यासाठी आरएफकिल नावाची स्वतंत्र आज्ञा असते. ती दोन ओळी दाखवते: सॉफ्ट ब्लॉक, म्हणजे प्रोग्रॅमने बंद केलेलं, आणि हार्ड ब्लॉक, म्हणजे कुणीतरी बोटाने बंद केलेलं. धूळ पुसताना फडक्याने बंद झालेलं हार्ड ब्लॉकमध्येच येतं. एखाद्या तज्ज्ञाने तीन आठवडे ड्रायव्हर बदलून पाहावेत आणि शेवटी ते बटण निघावं, असे किस्से लिनक्सवाल्यांच्या कट्ट्यावर भरपूर. सांगणारा नेहमी दुसऱ्याचाच किस्सा सांगतो.

पुढचं टेबल राउटरशी हस्तांदोलन करणाऱ्याचं. हे हस्तांदोलन चार निरोपांत होतं आणि पासवर्ड चुकला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या निरोपाला मोडतं. तेव्हा लॉगमध्ये येतं की 'किल्ली चुकीची असू शकेल'. असू शकेल! सबंध यंत्रणेत संशयाचा फायदा मिळतो तो ह्या एकाच ओळीत.

त्याच्यापुढे डीएचसीपी. राउटरने आपल्याला एक पत्ता द्यायचा असतो, त्यासाठी हा प्रोग्रॅम सगळीकडे ओरडून विचारतो: कुणी देता का? तीन सेकंदांनी पुन्हा. मग थोडं थांबून पुन्हा. कुणी दिला नाही की 'नो डीएचसीपी ऑफर्स रिसीव्ह्ड' आणि त्याखाली, जुनाही कुठला पत्ता शिल्लक नाही, असं लिहून शेवटी एकच शब्द: स्लीपिंग. रात्री साडेअकराच्या सुमारास हा शब्द पडद्यावर आला तेव्हा सौभाग्यवती मागे उभ्या होत्या.

"अहो, ते झोपलंय म्हणतंय. तुम्हीही झोपा."

घरातला हा एकमेव लॉग जो पहिल्या वाचनात आणि पूर्णपणे समजला गेला.

फाइलीत देशाचंही नाव लिहावं लागतं. आय-एन. हे देशभक्तीसाठी नव्हे. वायफायच्या जुन्या, दोन पूर्णांक चार दशांश गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे एक ते तेरा चॅनल चालतात. अमेरिकेत रोजच्या वापराला एक ते अकरा. देश लिहिलाच नाही तर लिनक्स जगातल्या सगळ्यांना चालतील असे नियम धरतं आणि बारा-तेरावर स्वतःहून तोंड उघडत नाही, नुसतं ऐकतं. काही कार्डांत तर कुठल्या देशासाठी बनवलं ते कारखान्यातच लिहिलेलं असतं. म्हणजे मुलाने न्यू जर्सीहून आणलेला लॅपटॉप सदाशिव पेठेत पोचतो, जानवं-बिनवं घालून देव्हाऱ्याशेजारी बसतो, आणि त्याचं कार्ड मात्र अमेरिकेचाच कायदा पाळतं. आपण फाइलीत आय-एन लिहिलं तरी दोन्ही देशांना मान्य असेल तेवढंच करतं. राउटरने तेरावा चॅनल निवडला की घरातल्या सगळ्या फोनना वायफाय दिसतं आणि एकट्या लॅपटॉपला दिसत नाही. आईवडील फोन करून विचारतात, बाळा, तुझा लॅपटॉप आमच्याकडे का बघत नाही? बाळ पलीकडे ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतं.

जुने लिनक्सवाले हे सगळं ऐकून म्हणतात, ह्याला काय त्रास म्हणता? त्यांच्या तारुण्यात एनडीआयएस रॅपर नावाचा प्रकार होता. कार्डाच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढलाच नाही तर विंडोजचाच ड्रायव्हर सीडीवरून काढायचा, त्याच्याभोवती एक वेष्टण घालायचं आणि लिनक्सला सांगायचं की हा आपलाच. ड्रायव्हरलाही सांगायचं की तू विंडोजमध्येच आहेस. दोघांचाही गैरसमज टिकला तर वायफाय चालायचं. मोडला तर सगळं मशीन ताठ. हे लोक ही हकीकत जसजशी सांगतात तसतसा त्यांचा चेहरा उजळत जातो. पुण्यात प्लग नावाने लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे, तसे इतर शहरांतही आहेत. तिथे दोन पांढऱ्या मिशा एकत्र आल्या की वायफाय कार्डाच्या चिपचा क्रमांक हीच ओळखीची खूण.

आता शेवटचं टेबल, आणि हे सगळ्यांत तापट. २००४ साली रेड हॅटने नेटवर्क मॅनेजर सुरू केला. कोपऱ्यातला आयकॉन, त्यावर क्लिक, नावांची यादी, पासवर्ड, झालं. कॉन्फिग फाइल लिहायची गरज नाही. तो स्वतःच लिहून स्वतःच्या फोल्डरात ठेवतो. मात्र डेबियनमध्ये त्याचा एक स्वभाव आहे. इंटरफेसेस फाइलमध्ये एखाद्या कार्डाचं नाव आधीच लिहिलेलं दिसलं, की हा त्या कार्डाला हात लावत नाही. तुम्ही बघताय ना, मग बघा. आयकॉनवर माउस नेला तर 'हे उपकरण माझ्या अखत्यारीत नाही' एवढंच म्हणतो, आणि आपण कितीही क्लिक केलं तरी ढिम्म. पत्त्यांच्या नोंदींसाठी रिझॉल्व्ह कॉन्फ म्हणून फाइल असते, तिचं दुखणं उलटं. तिच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की हाताने काही बदलू नका. बदललं तर बदल चालतो, वायफाय पुन्हा जोडलं जाईपर्यंत. मग कुणीतरी येऊन सगळं पुसून स्वतःचं लिहून जातं. कोण, ते शोधायला गेलं की निदान तीन संशयित हजर असतात आणि तिघंही ते आपलंच काम असल्याचं मान्य करतात.

माझं वायफाय लागलं. फाइलमधून लागलं. पिंग नावाच्या आज्ञेने पलीकडून चौसष्ट-चौसष्ट बाइट्सची उत्तरं ओळीने यायला लागली तेव्हा मी ती बराच वेळ तशीच येऊ दिली. पेपर संध्याकाळी वाचला. त्यानंतर एकदाही ते तुटलेलं नाही, हे इथे मुद्दाम नमूद करतो, कारण आयकॉनवाल्या शेजाऱ्यांचं दर आठवड्याला तुटतं आणि ते राउटरला दोष देतात. मी त्यांना त्यांच्या इंटरफेसेस फाइलमध्ये काय आहे असं विचारलं होतं. तेव्हापासून ते लिफ्टऐवजी जिना वापरतात.

गेल्या दिवाळीत भाच्याने नवीन लॅपटॉप घेतला, त्यावर नवं डेबियन टाकलं. फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबरच आलेलं. पासवर्ड इन्स्टॉल होतानाच विचारला गेला आणि मशीन सुरू झालं ते वायफाय लागलेल्या अवस्थेत. निळी केबल खणातून काढलीसुद्धा नव्हती. त्याने टर्मिनल उघडून इंटरफेसेस फाइल बघितली. आत मशीनने स्वतःशीच बोलण्याच्या दोन ओळी, बाकी कोरी.

"मामा, हे असं कसं? यात काहीच नाही."

"चालतंय ना?"

"चालतंय रे. पण फाइल रिकामी आहे."

मला त्याची तगमग कळत होती. त्याने फक्त एक ओळ लिहिली, कार्डाच्या नावाची, फाइल अगदीच उघडी वाटू नये म्हणून. सेव्ह करून मशीन पुन्हा चालू केलं. कोपऱ्यातल्या आयकॉनने हे उपकरण आपल्या अखत्यारीत नसल्याचं कळवलं, आणि भाचा खुर्ची पुढे ओढून उत्साहाने कामाला लागला.